माझ्या शेगडीचा दाखला आणि तुमचं नाक

विहीणबाई,

तुमच्या लेकीच्या अक्षरातून माझा नमस्कार घ्यावा. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे तुमची लेक ठीक, तुमचे जावई कामात आणि मी बोलत. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, झोप लागते का, आणि नवा चष्मा डोळ्यांवर येतो की अजून कपाळावरच बसून असतो, ते सविस्तर कळवावं. कानांचं विचारत नाही. फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं, उरलेलं अर्धं तुम्ही मनाने भरता, आणि भांडण मात्र आपलं पूर्ण होतं. म्हणून हे पत्र. मी सांगते आहे आणि तुमची लेक लिहिते आहे. (सूनबाई, हसू नकोस, हात हलतो. वाकडी अक्षरं बघून तुझ्या आईला वाटायचं मीच लिहायला शिकले.)

आधी एक खुलासा. मागचं पत्र मी खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडून लिहून घेतलं होतं. त्यात तुमच्या लेकीच्या स्वयंपाकाबद्दल जे काही होतं, भाजी ओल्या वर्तमानपत्रासारखी लागते वगैरे, ते तूर्त बाजूला ठेवा. रद्द म्हणत नाही, बाजूला ठेवा म्हणते. (लिही गं. कसलं पत्र आणि कधीचं पत्र, ते आपण नंतर बोलू. आधी वाक्य पूर्ण कर.) का बाजूला ठेवायचं ते पुढे येईलच, कारण यंदा आमच्या घरातल्या सगळ्या गोष्टी माझ्या शेगडीपाशीच येऊन थांबतात.

तर शेगडी. तुम्हाला माहीत आहे की पुढचं स्वयंपाकघर तुमच्या लेकीचं आणि मागची खोली माझी. पुढच्या स्वयंपाकघरात तुमच्या जावयांनी विजेची काचेची शेगडी आणली. तिला जाळ नाही, फक्त शिट्टी आहे. बोट लावलं की वाजते, पातेलं सरकलं की वाजते, आणि दूध उतू गेलं की रुसून बंद होते, मग आपण तिची समजूत काढायची. माझ्या खोलीत मात्र माझी गॅसची शेगडी, खाली सिलिंडर, वर खिडकी. एक बर्नर सरळ पेटतो, दुसऱ्याला जरा गोंजारावं लागतं, पण दोन्ही माझं ऐकतात. मला सकाळी उठल्यावर स्वतःचा चहा स्वतः करता येतो, कोणी उठायची वाट बघावी लागत नाही. जिची स्वतःची शेगडी आहे तिला कोणी "आई, जेवायला चला" म्हणून हाक मारत नाही, उलट घरातली माणसं तिच्या दाराशी येऊन आज काय केलंय म्हणून विचारतात. एवढाच फरक आहे, पण या वयात माणूस तेवढ्या फरकावर जगतं.

अशात गॅसच्या एजन्सीने इमारतीच्या फाटकावर कागद चिकटवला. ज्यांच्या घरी सिलिंडर आहे त्या प्रत्येकाची तपासणी होणार, पास झाला त्याला दाखला मिळणार, आणि दाखला नसेल त्याला पुढचा सिलिंडर नाही. तुमच्या जावयांनी तो कागद मला असा वाचून दाखवला जसा काही लॉटरीचा निकालच. आई, नापास झालीस तर सिलिंडर परत देऊन टाकू, म्हणाले, आता किती दिवस जाळाशी खेळणार. मुलगा काळजीनेच बोलतो हो, पण काळजी करताना त्याचा चेहरा इतका आनंदी का होतो, ते मला अजून समजलेलं नाही. (हे लिहिलंस ना? रात्री त्याला दाखव.)

मी कंबर कसली. शेगडी घासली, ओटा घासला, सिलिंडरला आंघोळ घातली. राहिली ती रबरी नळी. तुमच्या लेकीने वाकून तिच्यावर छापलेलं साल वाचलं, बोटांवर वर्षं मोजली आणि सरळ उभी राहिली, तेव्हाच मी ओळखलं की नळी म्हातारी झाली. वाकवली तर तिला माझ्यासारख्याच सुरकुत्या पडत होत्या. मी तशीच पिशवी घेऊन दुकानात गेले. तिथे बघते तर आमच्या वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई आणि खालच्या शिंपीणबाई आधीच उभ्या. तिघींची एकच गत, आणि दुकानात नळी एकच उरलेली. सगळ्या गल्लीने फाटकावरचा कागद वाचला होता. नवा माल पुढच्या आठवड्यात आणि तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी. तिघींनी एकदमच हात घातला, पण मास्तरीणबाईंना रोज वर्गात खडू हिसकावून घ्यायची सवय, त्यांच्याच हाती लागली.

मग घरी येताना शिंपीणबाईंनी तोड काढली. गिऱ्हाइकांची गर्दी झाली की एकच इस्त्री सगळ्या कपड्यांवरून फिरते, तर एक नळी तीन शेगड्यांवरून का फिरू नये? तपासणीस वरून खाली येणार, पुढच्या जिन्याने. नळी मागच्या जिन्याने त्याच्या पुढे उतरणार. म्हणजे वर मास्तरीणबाईंची तपासणी झाली की त्यांनी त्याला गॅलरीतल्या कुंड्या दाखवत बसायचं, तेवढ्यात शिंपीणबाईंनी नळी सोडवून कापडाच्या पिशवीतून माझ्याकडे आणायची, आणि माझं झालं की त्यांच्या घरी न्यायची. तुम्ही आता नाक मुरडत असाल. मुरडा. पण त्या रात्री आम्हा तिघींना ही युक्ती इतकी साधी वाटली की आजवर कोणाला सुचली कशी नाही याचंच आम्ही नवल करत होतो.

तपासणीस आले ते गृहस्थ मोठे सभ्य. सगळी गल्ली त्यांना फुगेवाले म्हणते, कारण हातात साबणाच्या पाण्याची बाटली असते, ती नळीच्या सांध्यांवर फवारतात आणि कुठे फुगा येतो का बघत बसतात. फुगा आला की तुम्ही नापास. आणखी एक त्यांची रीत अशी की पास केलेल्या नळीच्या क्लिपवर ते लाल नेलपॉलिशचा टिपका देतात, म्हणजे मागाहून कोणी हात लावला तर कळावं. ही रीत आम्हाला ठाऊक नव्हती. (आता का हसतेस? नेलपॉलिशची बाटली तूच नंतर मागून घेतलीस त्यांच्याकडून.)

वरचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. शिंपीणबाई धापा टाकत नळी घेऊन आल्या. मी तिचं टोक गरम पाण्यात बुडवलं, म्हणजे ते सैल होऊन चटकन चढतं, आणि शेगडीच्या तोंडाला बसवलं. क्लिप आवळताना बोटाला काहीतरी ओलं लागलं. त्याच वेळी नाकाला खाज आली, ती मी त्याच बोटाने भागवली. मग रेग्युलेटर चालू करून ठेवला, सगळं कसं जय्यत तयार दिसावं म्हणून, हातात लायटर घेतला आणि सिलिंडरशेजारच्या स्टुलावर बसले. फुगेवाले आत आले की ऐटीत जाळ करून दाखवायचा असा माझा बेत. मागच्या दारात शिंपीणबाई नाकाला पदर लावून माझ्याकडे बघून हातवारे करत होत्या. मला वाटलं, हसू दाबतायत. मीही त्यांच्याकडे बघून हसले.

फुगेवाले पुढच्या खोलीतून आले आणि उंबऱ्यातच थबकले. त्यांचा चेहरा एकदम बदलला. अगदी हळू आवाजात म्हणाले, आजी, तो लायटर माझ्याकडे द्या, दाबू नका. आणि पोराच्या हातून कात्री घ्यावी तसा तो अलगद माझ्या हातून काढून घेतला. मग रेग्युलेटर बंद, खिडकी सताड उघडी, दिव्याच्या बटणाला कोणी हात लावायचा नाही, आणि सगळे जिन्यात. तुमची लेक पुढून धावत आली, तिने मला जवळजवळ उचललंच. (उचललंस. नाही कशाला म्हणतेस, अजून बगलेत दुखतंय.) जिन्यात सगळे खोकतायत, नाकं पुसतायत, आणि मी विचारते, अहो पण झालं काय?

फुगेवाले माझ्याकडे वळले. आजी, तुम्हाला वास आला नाही? मी म्हटलं, आला की. कसला आला? मी म्हटलं, तुमच्या डोक्याच्या तेलाचा. त्यावर त्यांनी नुसती डोक्यावरची टोपी सारखी केली. नंतर कळलं, त्यांच्या टोपीखाली डोक्यावर केसच नाहीत, तेल कशाला लावतील.

वारा खेळल्यावर त्यांनी आत जाऊन साबणाचं पाणी फवारलं. घाईत नळी मी पुरती चढवलीच नव्हती. लिंबाएवढा फुगा आला, माझ्याकडे बघून डोलला आणि फुटला. मग त्यांनी क्लिपवरचा स्वतःच्याच हातचा फिसकटलेला टिपका पाहिला, माझं लाल बोट पाहिलं, माझं लाल नाक पाहिलं, आणि मागच्या दारातून शिंपीणबाईंची पिशवी जिना उतरताना पाहिली. एवढ्यावर त्यांना सगळी हकिगत सांगावी लागली नाही. मास्तरीणबाईंचा वर दिलेला दाखला त्यांनी तिथल्या तिथे परत मागवला. तेव्हापासून मास्तरीणबाई जिन्यात भेटल्या तर माझ्याकडे न बघता छताकडे बघतात, आणि आमच्या जिन्याच्या छतात बघण्यासारखं काही नाही.

पण नळीचं त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. माझ्या नाकाचं घेतलं. म्हणाले, हा गॅस मुळात बिनवासाचा असतो, गळला तर माणसाला कळावं म्हणून त्यात मुद्दाम घाण वास मिसळतात, आणि तो वास ज्याला येत नाही त्याच्या शेगडीला मी दाखला कसा देऊ? मी म्हटलं, माझ्या नाकाची परीक्षा घ्या. घेतली. डोळे मिटायचे आणि वाटीत काय आहे ते सांगायचं. पहिल्या वाटीत कांदा होता, डोळ्यांतून पाणी आलं म्हणून ओळखला. दुसऱ्या वेळी डब्याचं झाकण करकरलं, तसं आमच्या घरात फक्त कॉफीच्या डब्याचं करकरतं, तेही सांगितलं. तुमची लेक कौतुकाने बघत होती. तिसरी वाटी आली. कसला आवाज नाही, डोळ्यांना काही नाही. मी मोठा श्वास घेतला आणि म्हटलं, वेलदोडा, आणि चांगला ताजा आहे. डोळे उघडले तर वाटी रिकामी.

तर विहीणबाई, गेल्या हिवाळ्यात मोठा ताप आला होता ना, तो जाताना माझं नाक घेऊन गेला. तोंडाची चव नाकाच्याच जोरावर चालते म्हणे. म्हणजे ओल्या वर्तमानपत्राची भाजी ही कोणी केलेली नव्हती, ती माझ्याच तोंडात छापली जात होती. ते पत्र बाजूला ठेवा म्हटलं ते यासाठी. (झालं समाधान? आता पुढे लिही. माफीबिफी काही सांगितलेली नाही, आपल्या मनाने घालू नकोस.)

तुमचे जावई ऑफिसातून धावत आले. आधी मला जवळ घेतलं, मग माझ्या डोक्यावरून शेगडीकडे पाहिलं. त्या पाहण्यातच मला कळलं. पुढचे काही दिवस मी पुढच्या स्वयंपाकघरात जेवले. पोरं प्रेमाने हाक मारायची, आई, जेवायला चला. मी जायची, वाढलेलं खायची, छान झालंय म्हणायची, आणि परत माझ्या खोलीत येऊन बसायची. खोलीत ओटा होता, शेगडी होती, पण सिलिंडरला टोपण घातलेलं. ते टोपण बघितलं की मला उगाच वाटायचं की कोणीतरी माझ्याच डोक्यावर टोपी चढवून मला कोपऱ्यात उभं केलंय. सकाळी जाग यायची ती लवकरच, पण चहासाठी कोणाची तरी चाहूल लागेपर्यंत पडून राहायचं. एवढंच. यापेक्षा जास्त या विषयावर लिहू नकोस गं.

फुगेवाल्यांना पुन्हा कोणी बोलावलं, ते तुमची लेक सांगत नाही. पण ती बँकेतून जेवणाच्या सुट्टीत घरी आली आणि पाठोपाठ तेही आले, आणि तिने पुढे होऊन त्यांच्याशी जो काय वाद घातला, तो ऐकून मला प्रथमच वाटलं की ही मुलगी तुमच्यावर गेली ते बरं झालं. नियमात बसेल तेवढंच करीन, ते म्हणाले. तोवर नवा माल आला होता, तिघींच्या शेगड्यांना तीन वेगळ्या नळ्या बसल्या होत्या, तिथे अडचण नव्हती. मग त्यांनी दोन अटी घातल्या. एक, जमिनीलगत भिंतीवर गॅस ओळखणारा डबा लावायचा, कारण हा गॅस खाली बसतो. तो तुमच्या जावयांनी आणला. चांगला खणखणीत ओरडतो. परवा तुमचे जावई अंगावर सेंटचा फवारा मारून माझ्या दारावरून गेले तेव्हा एवढा ओरडला की शिंपीणबाई मशीन सोडून वर आल्या. दोन, नुसत्या डब्यावर भागणार नाही. शेगडी चालू असताना खोलीत ज्याचं नाक शाबूत आहे असं एक माणूस हवं. दाखल्यावर त्यांनी त्यासाठी एक जागा मोकळी ठेवली, तिथे नाव भरलं की शिक्का.

आता असं माणूस आणायचं कुठून? तुमची लेक आणि जावई दिवसभर बाहेर. शिंपीणबाईंची मशीन त्यांना उठू देत नाही. मास्तरीणबाई छताकडे बघतात. असो. काहीतरी होईल. मी काही काळजी करत नाही, तुम्हीही करू नये. तब्येतीला जपा, मांजराला जास्त दूध घालू नका, ते आधीच तुमच्यापेक्षा जाड झालं आहे असं तुमची लेक म्हणते.

गुडघ्याला माझा निरोप सांगावा की तुझ्या मालकिणीपेक्षा तूच जास्त ताठ आहेस.

तुमच्या लेकीची सासू आणि तुमची जुनी वैरीण.

(खाली ठसा माझाच आहे. शाई सापडेना, म्हणून नेलपॉलिश वापरलं.)

ता. क. तुम्ही आमच्याकडे अगदी पहिल्यांदा आलात, मुलांचं ठरवायला, तो दिवस मला काल आठवला. सकाळी माझं दूध लागलं होतं. पातेलं मी पलंगाखाली सरकवलं, खिडक्या उघडल्या, सगळीकडे पाणी शिंपडलं. तुम्ही उंबऱ्यात चप्पल काढताना म्हणालात, दूध लागलंय वाटतं. त्यानंतर या घरात तुमच्या नाकातून काही सुटलं नाही. तुमच्या जावयांनी सोडली म्हणून सांगितलेली सिगारेटसुद्धा नाही. इतकी वर्षं मी त्या नाकाला नावं ठेवली, आणि आता फुगेवाले नेमकं तसलंच नाक मागतायत. तर यावं. दोनचार दिवसांसाठी नव्हे, ट्रंक घेऊन यावं. लेकीच्या घरी किती राहायचं म्हणून तुम्ही दर वेळी दुसऱ्या दिवशी निघता, पण हे लेकीचं घर नाही, ही माझी खोली आहे आणि बोलावणारी मी आहे. पलंग खिडकीजवळचा तुमचा. डबा ओरडला तर तुम्हाला ऐकू येणार नाही, गॅस गळला तर मला वास येणार नाही, पण दोघी मिळून एक धड बाई नक्की होते. आणि मागच्या पत्रात तुम्ही पोस्टमनच्या नव्या सायकलीबद्दल पानभर लिहिलंत. सायकलीबद्दल पानभर लिहिणारं माणूस घरात मजेत नसतं, एवढं मला अक्षर न ओळखताही वाचता येतं.

आणखी एक ता. क. मोकळ्या जागेत तुमचं नाव भरून झालं आहे. शिक्काही बसला. दाखला काच लावून भिंतीवर टांगला आहे आणि पुढच्या आठवड्यात फुगेवाले नाक बघायला येणार आहेत. त्या आधी तुम्ही आला नाहीत, तर सभ्य गृहस्थाला खोट्यात पाडल्याचं पाप तुमच्या डोक्यावर, माझ्या नाही. मांजर आणलंत तरी चालेल. त्याच्या नाकाची परीक्षा तुम्हीच घ्या.

शेवटचा ता. क. वरचं ट्रंकेपासून मांजरापर्यंतचं सगळं लिहून होताच तुमची लेक कागद ठेवून आत गेली होती, आता परत येऊन बसली आहे. डोळे लाल दिसतायत म्हणून विचारलं, तर कांदा चिरत होते म्हणते. आज घरात कांदा नाही, सकाळी मीच टोपली रिकामी बघितली. पण मी काय बोलणार, मला कुठे वास येतो.